न चिकटणारी वाटी

काटा नाचायला लागला की माणूस गाडी घेऊन माझ्या दुकानी येतो आणि एकच मागतो, "याला जरा थांबवा." गाडी चाळीसच्या वेगाने सरळ चाललेली असते आणि काटा पंचवीस ते साठ असा सारखा झोके घेत असतो. बघणाऱ्याला चैन पडत नाही. रोग काट्याला झालाय, तेव्हा औषधही काट्यालाच द्यायला हवं, असं त्याला वाटतं.

काट्याला थांबवणं काही अवघड नाही. मीटर उघडायचा, काटा ज्या बारीक दांडीवर बसलेला असतो तिच्या बुशात चिकट ग्रीस दाबायचं, काच पुसून परत बसवायची. काटा गप्प होतो. गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. पुढे गाडी साठला गेली तरी हा काटा चाळीसपाशीच रेंगाळतो, आणि गाडी सिग्नलला उभी केली तरी वीसवर टेकून राहतो. कुठून कुठून असे मीटर मग माझ्याकडे येतात. आतलं वाळून खडा झालेलं ग्रीस पेट्रोलच्या बोळ्याने काढताना मला खरोखर राग येतो. नाचणारा काटा निदान काहीतरी बिघडल्याचं सांगत होता. गप्प केलेला काटा खोटं सांगतो, आणि स्थिर राहून सांगतो म्हणून लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात.

मी सांगलीत मीटर दुरुस्त करतो. हे काम वडिलांकडून आलं. चेतक, प्रिया, राजदूत, येझदी, बुलेट, जुन्या फियाट, जीपा, ज्यांच्या मीटरला तार जाते अशा सगळ्या गाड्या माझ्याकडे येतात. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की मी गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात जातो. हरिपाठ असतो, पारायण असलं तर वाचायला बसतो. दिवसाच्या कामात आणि संध्याकाळच्या बैठकीत माझ्यापुढे एकच प्रश्न येत राहिला, म्हणून हे लिहायला घेतलं. मन स्थिर झालं म्हणजे नेमकं काय झालं? ते हलायचं थांबलं, की खरं सांगायला लागलं?

मागच्या सप्ताहात बाहेरगावाहून आलेल्या एका प्रवचनकारांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर बोलताना ठासून सांगितलं की स्थितप्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, आणि ज्याला रडू येतं त्याची सगळी पारायणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. समोर आमच्या मंडळातल्या एक काकू बसल्या होत्या. त्यांचे मालक त्याच वर्षी गेले. ज्ञानेश्वरी त्यांनी जन्मभर वाचलेली, चष्मा हाताशी नसला तरी ओव्या तोंडून येतात. प्रसाद वाटून झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मला अजून रात्रीचं रडू येतं. म्हणजे मला काहीच कळलं नाही, असंच ना?"

"तसं नाही काकू," एवढंच मी तेव्हा बोललो. तसं का नाही, हे मला नीट मांडायचं आहे. त्यासाठी आधी मीटरच्या आत जावं लागेल, कारण माझ्यापाशी जे काही उत्तर आहे ते मला तिथे दिसलं.

चेतकच्या पुढच्या चाकाच्या हबात एक छोटी गरारी असते. चाक फिरलं की ती फिरते. ती तारेला फिरवते, आणि तार हँडलच्या नळीतून वर येऊन मीटरमधल्या चुंबकाला फिरवते. इथपर्यंत सगळं एकमेकांत अडकलेलं असतं, दातात दात. इथून पुढे मात्र जोड नाही. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते आणि काटा त्या वाटीच्या दांडीला लावलेला असतो. चुंबक वाटीला कुठेही लागत नाही. मधे नुसती फट. तरीही चुंबक फिरू लागला की वाटी त्याच्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक एक स्प्रिंग तिला मागे खेचत असते. ओढ आणि खेच जिथे बरोबरीला येतात तिथे काटा उभा राहतो. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होते आणि काटाही दुप्पट वळतो.

ही रचना ओटो शुल्झे यांची. तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्गमध्ये त्यांनी १९०२ साली तिचं पेटंट घेतलं. त्यामागचं कोडं त्याहून जुनं आहे. १८२४ साली फ्रान्समध्ये अरागो यांना दिसलं की तांब्याची तबकडी चुंबकाच्या सुईखाली फिरवली तर सुईही तिच्यामागे फिरू लागते. तांबं चुंबकाला चिकटत नाही, मग हे कसं, ते कुणाला सांगता येईना. फॅरडे यांनी १८३१ साली त्याचा उलगडा केला. चुंबक आणि धातू एकमेकांजवळ हलले की धातूच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांमुळे धातू ओढला जातो.

मी शिकाऊ होतो तेव्हा वडिलांनी एक गोष्ट हातात देऊन दाखवली होती. मीटरमधला चुंबक काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि ॲल्युमिनियमची वाटी त्याला लावायला सांगितली. वाटी चिकटली नाही. चुंबक स्थिर असेल तर वाटीला त्याचं काहीच नाही. तोच चुंबक बोटांनी फिरवला की वाटी थरारून वळू लागते. थांबवला की स्प्रिंग तिला शून्यावर नेऊन ठेवते. त्या जागी लोखंडाची वाटी असती तर चुंबकाने तिला धरून ठेवलं असतं आणि काटा कधीच शून्यावर परतला नसता. ही वाटी पूर्ण ओढली जाते, पण चिकटत नाही. पुढे गीता वाचताना दुसऱ्या अध्यायाच्या चौसष्टाव्या श्लोकापाशी आलो तेव्हा मला हीच वाटी आठवली. तिथे भगवंत असं म्हणत नाहीत की इंद्रियं बंद करून बस. आसक्ती आणि द्वेष यांतून सुटलेल्या इंद्रियांनी जो विषयांमध्ये वावरतो, त्याला प्रसन्नता मिळते असं ते सांगतात. तो विषयांत वावरतो आहे. त्याला सगळं पोचतं आहे.

आता काटा का नाचतो ते सांगतो.

आमच्या मंदिराजवळ संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांची चेतक जुनी आहे आणि ते ती विकायला तयार नाहीत. एकदा काटा फार उड्या मारतो म्हणून ती माझ्याकडे आली. मी आधी मीटर उघडत नाही. तार मीटरपासून सोडवतो आणि मीटरच्या चौकोनी भोकात जुन्या तारेचा तुकडा घालून ड्रिलने एकसारखा फिरवतो. गुरुजींच्या मीटरचा काटा पन्नासवर जाऊन असा उभा राहिला की हलेना. म्हणजे मीटर निरोगी. मग चाक उचलून हाताने फिरवलं. चाकही एकसारखं फिरत होतं, गरारीचे दात शाबूत होते. वेग खरा होता, वेग सांगणाराही खरा होता. दोष मधल्या वाटेत होता.

आतली तार ओढून काढली. ती कोरडी ठणठणीत होती, आणि एका जागी तिच्यावर तांबूस गंज धरला होता. अशी तार बाहेरच्या नळीत एखाद्या ठिकाणी अडकते. खालून चाक तर फिरतच असतं. मग तारेला पीळ बसत जातो, बसत जातो, आणि एका क्षणी अडकलेलं सुटतं. साठलेला सगळा पीळ एकदम उलगडतो आणि काटा साठला उडी मारतो. लगेच पुन्हा अडकतं, काटा पडतो. रस्ता सरळ, चाक एकचालीचं, आणि वर मीटरमध्ये धुमाकूळ.

तार रॉकेलमध्ये धुतली. दोन्ही टोकं दोन हातांत धरून, मधे झोळ देऊन बोटांनी हळूहळू फिरवून पाहिली. तार कुठे मोडलेली असेल तर एका जागी ती सापासारखी उसळते आणि मग ती टाकूनच द्यावी लागते. गुरुजींची तार सरळ होती. फडक्यावर थोडं ग्रीस घेऊन तारेला पुसट हात फिरवला, आणि वरची वीतभर कोरडी ठेवली. ही वीतभर फार महत्त्वाची. तार फिरते तसं ग्रीस तिच्यावरून वर चढतं. वरपर्यंत भरलं तर ते मीटरमध्ये शिरतं, वाटीला लडबडतं, आणि मग काटा कायमचा मंद होतो. शेवटी बाहेरच्या नळीचं वळण बघितलं. हँडलखाली कुणीतरी ती फार आखूड वळवून बांधली होती, ती सोडून मोठं वळण दिलं. गाडी एक चक्कर मारून आणली. काटा वेगाबरोबर चढत होता, ब्रेक लावला की उतरत होता.

गुरुजी हे सगळं बाकावर बसून पाहत होते. त्यांना मी काकूंचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, "अर्जुनाने काय विचारलंय ते आधी पाहा. चोपन्नावा श्लोक. स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. सगळं बाहेरून दिसणारं विचारलंय. आणि उत्तराची सुरुवात कुठून होते? मनातल्या कामना सोडण्यापासून. त्याचा चेहरा असा असतो, डोळे असे असतात, असं एक अक्षर नाही."

गांधीजींच्या आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेत चोपन्नाव्यापासून अध्याय संपेपर्यंतचे हे एकोणीस श्लोक रोज म्हणत. विनोबांनी तुरुंगात त्यांच्यावर व्याख्यानं दिली, त्यांचं 'स्थितप्रज्ञ-दर्शन' हे पुस्तक आमच्या मंदिराच्या कपाटात आहे. म्हणजे हा भाग आपल्याकडे पुष्कळांच्या ओठांवर आहे, आणि तरीही त्याचा अर्थ 'दगड व्हा' असा लावणारे भेटतात. त्याचं एक कारण मला असं दिसतं की लोक अठ्ठावन्नावा श्लोक लक्षात ठेवतात आणि सत्तरावा विसरतात. अठ्ठावन्नाव्यात कासव आहे, सगळे अवयव आत ओढून घेणारं. सत्तराव्यात समुद्र आहे. त्यात चारी बाजूंनी पाणी येऊन पडतं आहे, तो भरतो आहे, आणि त्याची मर्यादा सुटत नाही. भगवंतांनी शेवटाकडे येताना समुद्र सांगितला. कासव बंद होतं, समुद्राला नद्या बंद करता येत नाहीत. मला तर वाटतं, कासवाचा श्लोक ही साधकाची वेळोवेळची गरज आहे आणि समुद्राचा श्लोक हे त्याचं पोचण्याचं ठिकाण. प्रवचनकारांनी काकूंना कासवाच्या पाठीवर ठेवलं आणि तिथेच सोडलं.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती तर मला थेट दुकानातलीच वाटली. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादाच्या तिसाव्या सूत्रात चित्ताचे नऊ विक्षेप मोजले आहेत. शेवटचा आहे अनवस्थितत्व, म्हणजे एका जागी न टिकणं. हे अपेक्षितच. पण दुसरा आहे स्त्यान, मनाचा जडपणा, गोठून जाणं. नाचणारा काटा आणि गोठलेला काटा, दोन्ही एकाच यादीत, दोन्ही दोषच. पुढच्या सूत्रात अंगाला सुटणारा कंप येतो, आणि त्याला पतंजली विक्षेप म्हणत नाहीत, विक्षेपाबरोबर येणारी खूण म्हणतात. खूण पुसली म्हणून रोग जात नाही. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी मन किती जवळून पाहिलं असेल!

पण काकूंच्या रडण्याला मी खूण तरी का म्हणावं? इथे मला थांबून विचार करावा लागला. काटा दोन कारणांनी हलतो. एक तर वाट कोरडी पडलेली असते, किंवा वेग खरोखरच बदललेला असतो. गाडी घाटातून चालली आहे, वळणावर वेग पडतो, चढावर पडतो, उतारावर वाढतो. त्या वेळी काटा हललाच पाहिजे. तो हलला नाही तर मीटर बिघडला. ज्या माणसाबरोबर सगळा संसार केला तो गेला, हा आयुष्यातला खरा बदल आहे. तो मनाला पोचला आणि डोळ्यांत पाणी आलं, तर मन आपलं काम करतं आहे. कोरड्या वाटेची थरथर वेगळी असते. काहीही झालेलं नसताना पहाटे तीनला उठून नसलेल्या संकटांचा पीळ घालत बसणं, एक शब्द कुणी बोलला म्हणून आठवडाभर तडफडणं. खाली चाक एकचालीचं आणि वर धुमाकूळ. ही थरथर आपल्या सगळ्यांना आहे, मला तर पुष्कळ आहे, आणि अभ्यासाची गरज तिला आहे.

या दोन्हींत फरक कसा करायचा? दुकानात मी मीटरला एकसारखी चाल देऊन बघतो. माणसाच्या मनाला एकसारखी चाल द्यायची तर आमच्याकडे नाम आहे. काकू रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. मालक गेल्यानंतरही तेरावं उरकल्यावर त्या आल्या आणि म्हणू लागल्या. त्यांचा आवाज हलत नाही. टाळ चुकत नाही. शेजारचं मूल मधेच रडायला लागलं तर एका हाताने त्याला थोपटतात आणि ओळ सुटत नाही. एकसारखी चाल मिळाली की ज्याचा काटा असा उभा राहतो, त्याच्या मीटरला बिघडलेला कसं म्हणायचं? रात्री अंथरुणावर पाणी येतं ते खऱ्या वेगाचं आहे.

प्रत्येक पुर्ज्याला शास्त्रातला एकेक शब्द चिकटवत बसायचं नाही, हे मला कळतं. तसं केलं की यंत्रही नीट समजत नाही आणि शास्त्रही. तरी चुंबकाचा दाखला मी माझ्या पदरचा आणलेला नाही. तो आपल्या शास्त्रांत पूर्वीपासून आहे, आणि त्यावर मोठा वाद झालेला आहे. सांख्यांचं म्हणणं असं, की पुरुष स्वतः काही करत नाही, तो नुसता जवळ असतो आणि त्याच्या जवळ असण्यानेच प्रकृती हलते. लोहचुंबक जागेवर बसून लोखंड हलवतो तसं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात सातव्या सूत्रावर शंकराचार्य हा दाखला तपासतात. पुरुषाचं जवळ असणं कायमचं आहे, मग प्रकृतीचं हलणंही कायमचं व्हायला हवं, मोक्षाला जागाच उरणार नाही, असा त्यांचा आक्षेप. आणि पुढे म्हणतात की लोहचुंबक तरी नेहमी जवळ कुठे असतो, त्याला जवळ आणावं लागतं, आणि त्याला पुसून साफही करावं लागतं. गुरुजींनी हे वाचून दाखवलं तेव्हा मी उठून उभाच राहिलो. एवढा मोठा आचार्य, आत्म्याचा विचार चाललेला, आणि चुंबक पुसावा लागतो हे त्यांच्या ध्यानात आहे! विशेष म्हणजे याच पादात दुसऱ्या सूत्रावर लिहिताना आचार्यांनी स्वतः चुंबकाचा दाखला आपल्या बाजूने वापरला आहे. स्वतः न हलणाराही दुसऱ्याला हलवू शकतो, हे दाखवायला. म्हणजे दाखला वाईट नव्हता, सांख्यांनी तो जिथे लावला तिथे तो बसत नव्हता.

त्या दोघांपुढे लोखंड होतं. माझ्यापुढे ॲल्युमिनियम आहे, आणि ते लोखंडासारखं वागत नाही. जवळ असण्याने त्याला काही होत नाही, चुंबक हलला तरच होतं. माझी समजूत अशी, की आपलं चित्त बहुधा लोखंडाचं असतं. ज्याच्या जवळ जाईल त्याला चिकटतं, आणि तो दूर झाला तरी त्याच्याच दिशेला तोंड करून राहतं. साधना म्हणजे त्या लोखंडाचा दगड करणं असतं तर सोपं झालं असतं. दगडाला चुंबक कळतच नाही. गीता सांगते ते याहून अवघड आहे. सगळं कळावं, पूर्ण कळावं, आणि कुठेही चिकटू नये. सांख्यांच्याच भाषेत बोलायचं तर ही वाटी म्हणजे बुद्धी, तीही प्रकृतीतलीच. काट्याकडे बघणारा डोळा निराळा, तो साक्षी. काटा नाचला म्हणून डोळा नाचत नाही. पण डोळ्याला खरं दिसायचं असेल तर काटा खरा हवा, म्हणून बुद्धीची शुद्धी लागते. साक्षी शुद्धच आहे म्हणून बुद्धी कशीही चालेल, असं मी एकाकडून ऐकलंय आणि ते मला पटत नाही.

नामदेवांच्या नावावर असलेले समाधीचे अभंग आमच्याकडे कार्तिक वद्य त्रयोदशीला वाचतात. शके १२१८, म्हणजे १२९६ साली, आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली त्या प्रसंगाचं वर्णन त्यांत आहे. त्यात निवृत्तिनाथांचा शोक आहे. निवृत्तिनाथ कोण? ज्ञानदेवांचे थोरले भाऊ, आणि गुरू. नाथपंथाचा बोध गहिनीनाथांकडून त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तो ज्ञानदेवांना दिला. ज्ञानेश्वरीत पानोपानी ज्यांच्या कृपेचा उल्लेख आहे ते हे. त्यांना आत्मा अमर आहे हे ठाऊक नव्हतं का? धाकट्या भावाला हाताला धरून समाधीच्या जागी त्यांनी नेलं, आणि शिळा लावायची वेळ आली तेव्हा ज्यांनी कधी धीर सोडला नव्हता ते निवृत्तिनाथ कोसळले. अभंगकर्त्याने हे लपवलं नाही. निवृत्तिनाथांचं ज्ञान कमी पडलं, असं वारकऱ्यांपैकी आजवर कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. ते रडले आणि मग धाकट्या भावंडांना घेऊन पुढे निघालेही. काटा जेवढा वळायला हवा तेवढा वळला. चिकटून राहिला नाही.

प्रवचनकारांना मला हे विचारायचं होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले.

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र मी काकूंना सांगितली. मीटरमध्ये काट्याखाली आकड्यांची पट्टी असते, गाडी किती किलोमीटर चालली ते मोजणारी. तिचा चुंबकाशी संबंध नाही. तीच तार खाली बारीक दातांच्या चाकांना फिरवते, आणि ती चाकं एकेक आकडा पुढे ढकलतात. आता हे नीट बघण्यासारखं आहे. कोरडी तार अडकते, पीळ खाते, सुटते, काटा वेड्यासारखा उड्या मारतो. पण चाकाने शंभर फेरे घेतले तर त्या हिशेबाने तारेचे जेवढे फेरे व्हायचे तेवढेच होतात. अडकण्यात मागे राहिलेले फेरे सुटताना भरून निघतात. काटा नाचत असताना खालची पट्टी अचूक मोजत असते. तारेचं चौकोनी टोक झिजून गोल झालं आणि ते जागच्या जागी घसरायला लागलं, तरच मोजणी चुकते. म्हणजे धरलेलं सुटलं तरच.

आळंदी ते पंढरपूर पायी अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतं. दरवर्षी लाखो माणसं जातात. त्यांतल्या कितींचं मन वाटभर स्थिर असतं? कुणाला घरी म्हशीची काळजी, कुणाच्या डोक्यात कोर्टाची तारीख, कुणाला टाचेच्या भेगा सोसवत नाहीत. तोंडात नाम आहे आणि मन पंचवीस ते साठ झोके घेतंय. तरी पाय पंढरपूरला पोचतात. हा प्रवास खोटा होता असं कोण म्हणेल? मी काकूंना म्हटलं, "तुम्ही वाचलेली एकही ओवी वाया गेलेली नाही. मन हललं तेव्हाही पट्टी मोजत होती. धरलेलं तुम्ही सोडलं नाहीत." त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे मालकही मीटरकडे न बघताच गाडी चालवायचे." आणि हसल्या. मला फार बरं वाटलं.

सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत त्याला खोडून काढत नाहीत. ते मान्य करतात आणि दोन गोष्टी सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. काटा धरून ठेव असं त्यांत नाही. वाट स्वच्छ ठेवणं, वळण फार आखूड न ठेवणं, आणि वरची वीतभर कोरडी सोडणं, एवढंच मला त्यातलं हाताने करता येण्यासारखं दिसतं. वरच्या त्या वीतभर जागेबद्दल मी अजून विचार करतो आहे. भक्तीचा ओलावा तारेला हवाच. पण तो मनात भरून वाहू दिला तर माणूस मंदावतो, त्याला समोरचं दिसेनासं होतं, हेही मी सप्ताहात पाहिलं आहे. गुरुजी म्हणतात की विवेक तो हाच. मला अजून पूर्ण उमगलेलं नाही.

यंदाच्या कार्तिकात समाधीच्या अभंगांचं वाचन आमच्या मंडळात व्हायचं आहे. मागे रात्र फार होते म्हणून निवृत्तिनाथांच्या शोकाचे अभंग गाळून मंडळी थेट शेवटच्या आरतीवर यायची. ते यंदा गाळू नयेत असं मी मंडळाच्या बैठकीत मांडलं आहे. दोघांनी विरोध केला, एवढा शोक बायका-मुलांपुढे नको म्हणाले. अध्यक्षांनी अजून ठरवलेलं नाही. वेळेचीच अडचण असेल तर वाचन तासभर आधी सुरू करू, त्या दिवशी दुकान मी दुपारीच बंद करतो.